हजेरी न बुडवता शिकायचं कसं: गवंडी, सळई बांधणारे फिटर आणि काँक्रिटचे साचे लावणारे सेंट्रिंगवाले यांच्यासाठी

साइटवर पंधरा वर्षं काढलेला गवंडी आणि चार वर्षांपूर्वी बिगारीचा गवंडी झालेला पोरगा, दोघांच्या हजेरीत, म्हणजे रोजच्या मजुरीत, फार तर शंभर-दोनशेचा फरक असतो, पगारवाटपाला जो बसलाय त्याला हे माहितीय. कारण उघड आहे, दोघं एकच काम करतायत. वीट, प्लास्टर, परत वीट. हात पाच-सहा वर्षांत जेवढा बसायचा तेवढा बसतो, त्यानंतर नुसतं वय वाढतं. पैसे वाढतात ते दोन ठिकाणी, एक म्हणजे माणूस ड्रॉइंग बघून स्वतः काम लावायला लागला की, आणि दुसरं म्हणजे जे काम मजूर नाक्यावरच्या दहातल्या दोघांनाच येतं ते त्याला यायला लागलं की. सर्टिफिकेट वगैरे नंतर, त्याचंही सांगतो, पण बरेच जण उलटं करतात, आधी कुठलातरी एजंट गाठून कागद आणतात आणि मग म्हणतात काही उपयोग झाला नाही.

मी सुपरवायझर आहे, पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या साइटवर, त्यामुळे खाली जे आहे ते माणूस कामावर घेणाऱ्याच्या बाजूने बघून लिहिलंय.

ड्रॉइंग, सगळ्यात आधी

आपल्याकडे जुने लोक सगळं सुतात बोलतात. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण ३ एमएम. अडीच सुती म्हणजे ८ एमएमची सळई, तीन सुती १०, चार सुती १२, पाच सुती १६. हे सोडायची गरज नाही, तोंडात राहू द्या, पण ड्रॉइंग एमएममध्ये येतं आणि तिथे अंदाज चालत नाही. म्हणून पहिलं काम, टेप घ्या आणि एमएमची बाजू वाचायची सवय लावा. एक फूट म्हणजे ३०५, सहा इंच म्हणजे साधारण १५०, नऊची भिंत म्हणजे २३०, एवढं डोक्यात बसलं तरी अर्धं ड्रॉइंग ओळखीचं वाटायला लागतं.

आता एक स्लॅब घेऊ, सोपा. खोली आतून १० बाय १४ फूट. ड्रॉइंगवर लिहिलंय टी ८ @ १५० सी/सी, आखूड बाजूने. याचा अर्थ ८ एमएमची सळई, एका सळईच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १५० एमएम. आखूड बाजूने सळई टाकायची म्हणजे ती मोजायची लांब बाजूवर. १४ फूट म्हणजे ४२७० एमएम, भागिले १५०, आलं २८ आणि थोडं वर, म्हणजे २९ गाळे आणि त्यात एक मिळवला की ३० सळया. एकेक सळई दोन्ही बाजूच्या भिंतीवर किंवा बीमवर बसणार, तर लांबी साडेतीन मीटर धरू. ३० गुणिले साडेतीन, १०५ मीटर. वजन काढायचं तर व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागायचं, ८ चा वर्ग ६४, भागिले १६२, म्हणजे मीटरला ०.३९५ किलो. एकूण साडेएक्केचाळीस किलोच्या आसपास.

इथपर्यंत कुठलाही बरा फिटर येतो. पुढचं बघा. सळई बाजारात १२ मीटरची येते. त्यातून साडेतीनचे तीन तुकडे निघतात आणि दीड मीटर उरतो. म्हणजे १० सळया लागणार आणि दीड दीड मीटरचे १० तुकडे उरणार, जवळपास सहा किलो लोखंड, एका खोलीत. ते तुकडे चेअरला (वरची सळई उचलून धरणारे वाकवलेले तुकडे) जातील का, एक्स्ट्राला (जादा सळईला) जातील का, हे जो फिटर कटिंगच्या आधी सांगतो त्याला कुठलाच कॉन्ट्रॅक्टर सोडत नाही. सहा किलो म्हणजे काही फार नाही वाटत, पण बिल्डिंगमध्ये अशा खोल्या किती ते मोजा.

याच कागदावर अजून दोन गोष्टी शिकायच्या. कव्हर, म्हणजे सळई आणि काँक्रिटची बाहेरची बाजू यांच्यामधलं अंतर, स्लॅबला बहुतेक २० एमएम, कॉलमला ४०, फुटिंगला ५०, बीमचं ड्रॉइंगवर बघायचं, आणि त्या मापाचे कव्हर ब्लॉक लावायचे, दगडाची कपची नाही. आणि रिंगचा, म्हणजे मुख्य सळयांभोवती बांधतात त्या कडीचा, हूक. कॉलम-बीमच्या रिंगचं टोक १३५ अंशात आत वळवायचं असतं, सरळ काटकोनात ठेवायचं नाही. कारण भूकंपात वरचं कव्हर झडतं आणि काटकोनातला हूक सुटतो, रिंग उघडली की उभ्या सळया बाहेर फुगतात. बरेच जण काटकोनात वळवतात कारण बांधायला सोपं जातं आणि इंजिनिअर वर चढून बघत नाही. तुम्ही आत वळवलात तर चेकिंगला आलेला माणूस तेवढं एक बघून बाकीच्या कामाबद्दल निम्मा निश्चिंत होतो, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

शिकायचं कोणाकडून? साइट इंजिनिअरकडून, पण त्याला "साहेब ड्रॉइंग शिकवा" म्हणून जाऊ नका, तो हो म्हणतो आणि विसरतो. जुनी झालेली प्रिंट मागा. ड्रॉइंग बदललं की आर १, आर २ असं नवीन येतं आणि जुनं बाद होतं, ते बाद झालेलं शिकायला चालतं (पण त्यावर "बाद" असं मोठ्ठं लिहून घ्या, नाहीतर कोणीतरी त्यावरच काम लावेल आणि मग बघायला नको). जेवणाच्या सुट्टीत एक कॉलम घ्यायचा, कागदावर बघायचा, मग तोच कॉलम साइटवर जाऊन टेपने मोजायचा, जुळला नाही की तेवढा एकच प्रश्न विचारायचा. रोज एक. पावसाळा संपेपर्यंत फ्लोअर प्लॅन आणि कॉलमचं शेड्यूल (कुठल्या कॉलमला किती सळया याचा तक्ता) वाचता येतं, त्यासाठी दहावी पास असायची गरज नाही, भागाकार आला पाहिजे बस.

का करतो ते माहिती पाहिजे

मिक्सरवर पाईप सोडून माल पातळ करणं हे आपल्याकडचं सगळ्यात जुनं दुखणं. पातळ माल पसरायला बरा जातो, मजुरी कमी लागते, सगळ्यांना पटतं. पण एम २० ग्रेडच्या काँक्रिटच्या साध्या मिक्सला ५० किलोच्या गोणीमागे पाणी जास्तीत जास्त ३० लिटर, हे काँक्रिटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, लिहिलेलं आहे, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही त्यातच धरायचं. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि जागा रिकामी राहते, तिथूनच पुढे गळती आणि गंज. माप ठेवायला काही मशीन लागत नाही, एक बादली ठरवा, तिच्यावर पेंटने खूण करा.

सेंट्रिंगवाल्यांनी तर दिवस पाठच ठेवावेत. कॉलमच्या आणि बीमच्या बाजूच्या फळ्या १६ ते २४ तासांनी निघतात. स्लॅबचे टेकू साडेचार मीटरच्या आतल्या गाळ्याला (दोन आधारांमधलं अंतर) ७ दिवस, त्यावर १४. बीमचे सहा मीटरपर्यंत १४ दिवस, त्यावर २१. हे साध्या सिमेंटचं आणि बऱ्या हवेतलं, आता बहुतेक गोण्या पीपीसीच्या, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटच्या, असतात आणि थंडीत माल हळू धरतो, त्यामुळे इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकही जॅक हलवायचा नाही. प्लाय दुसऱ्या साइटला पाहिजे म्हणून मुकादम घाई करतो हे मला माहितीय, पण दिवस तोंडपाठ असलेला माणूस "साहेबांना फोन लावा मग काढतो" असं म्हणू शकतो, ज्याला माहितीच नाही तो काय म्हणणार.

पाणी मारणं, म्हणजे क्युरिंग, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला किमान १०, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात, विदर्भ-मराठवाड्यात तर विशेष, ते १० आणि १४ धरा.

जे नाक्यावर कमी लोकांना येतं

लाल विटेचं काम शहरात कमी होत चाललंय. टॉवरमध्ये अॅल्युमिनियमची शटरिंग लागते, ज्याला सगळे मायव्हान म्हणतात, त्यात भिंतीपण काँक्रिटच्याच, गवंड्याला कामच राहत नाही. बाकी ठिकाणी एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटचे हलके, सच्छिद्र ब्लॉक. आतून जिप्सम प्लास्टर. फरशीला केमिकल, म्हणजे टाइल चिकटवायचं अॅडहेसिव्ह. यातलं एकतरी नीट आलं पाहिजे.

एएसी ब्लॉकमध्ये जुना गवंडी हमखास काय करतो तर विटेसारखे ब्लॉक पाण्यात बुडवून ठेवतो आणि जाड माल टाकून लाईन-लेव्हल मालातच काढतो. ब्लॉक बुडवायचा नसतो, पृष्ठभाग ओला करायचा बस. आणि जोडायचं मॉर्टर तयार गोणीत येतं ते २-३ एमएमच लावायचं, म्हणजे लेव्हल मालात लपवता येत नाही, पहिला थर अचूक पाहिजे. पहिल्या थरावर अर्धा दिवस गेला तरी चालेल, वरचे थर मग भराभर जातात.

टाइलचं तर विचारू नका. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पित नाही, त्यामुळे सिमेंटची स्लरी तिला धरत नाही, आणि ठिपके-ठिपके माल लावून ठोकली की खालून पोकळ राहते, दोन वर्षांनी वाजते, मग मालक शिव्या देतो. अॅडहेसिव्ह दात्याच्या थापीने एकाच दिशेत ओढायचं, मोठी टाइल असेल तर तिच्या पाठीवरही पातळ हात द्यायचा, आणि मधे एक टाइल उचलून बघायची की माल सगळीकडे लागलाय का. ही उचलून बघायची सवय फार कमी जणांना आहे. ज्यांना आहे त्यांना इंटिरियरवाले फोन करून बोलावतात आणि ते स्क्वेअर फुटावर काम घेतात, हजेरीवर नाही.

शिकवतं कोण, तर सिमेंट, टाइल-केमिकल आणि पेंटच्या कंपन्या स्वतःच, फुकट. गवंड्यांच्या मीटिंगा होतात, जेवण असतं, टी-शर्ट देतात, आणि बहुतेक जण जेवण करून निघून येतात. थांबा, डेमोच्या वेळी पुढे उभे राहा, थापी हातात मागा. त्यांना माल विकायचा असतो हे खरं, पण पद्धत बरोबर शिकवतात कारण चुकीची लावली तर तक्रार त्यांच्यावर येते. मीटिंग कधी आहे ते तुमच्या भागातल्या हार्डवेअरवाल्याला विचारलं की कळतं. रंगाऱ्यांसाठी एशियन पेंट्सची अकॅडमी आहे, तिथे टेक्सचर, वॉटरप्रूफिंगचे छोटे कोर्स असतात.

वेळ कुठून आणायचा

खरी अडचण हीच आहे, बाकी सगळं बोलायला सोपं. एक दिवस गेला की त्या दिवसाची हजेरी गेली, आणि वर खोलीभाडं, गावाकडे पाठवायचे पैसे. म्हणून मोठा कोर्स असेल तर जून ते सप्टेंबरमध्ये बसवा, तेव्हा बाहेरचं काम तसंही मंदावतं, किंवा मोठ्या बिल्डरच्या साइटवर काम पकडा जिथे ट्रेनिंग साइटवरच होतं. पुण्यात बिल्डरांच्या संघटनेचा, क्रेडाई पुणे मेट्रोचा, कुशल म्हणून उपक्रम आहे, तो साइटवर येऊन शिकवतो. पनवेलला एल अँड टीची कन्स्ट्रक्शन स्किल्स ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे, तिथे राहून शिकायचं, ते तरुण पोरांसाठी बरं, ज्याच्यावर अजून घर नाही. गावात असाल तर घरकुल योजनेत ग्रामीण गवंडी प्रशिक्षण होतं, तिथे खरं घर बांधतच शिकवतात, पंचायत समितीत चौकशी करा.

घरी आठवी पास पोरगा असेल आणि तुमच्याच धंद्यात येणार असेल तर त्याला थेट घमेलं देऊ नका. आयटीआयला गवंडीकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, आठवीवर होतो. दहावी असेल तर ड्राफ्ट्समन सिव्हिल, दोन वर्षं. तो पुढे जाऊन तुमचंच ड्रॉइंग वाचेल.

आता कागद

ज्याला काम येतं पण शाळेचा कागद नाही त्याच्यासाठी आरपीएल आहे, पूर्वीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट. थोडं उजळणीचं ट्रेनिंग, मग परीक्षक येतो, समोर काम करून दाखवायचं, तोंडी प्रश्न. बांधकामाचं बघते ती कन्स्ट्रक्शन स्किल डेव्हलपमेंट कौन्सिल. गवंडी, बार बेंडर, शटरिंग कारपेंटर, रंगारी, स्कॅफोल्डर असे वेगवेगळे जॉब रोल आहेत, जे रोज करता तेच निवडा. लोक नापास होतात ते हाताने नाही, सेफ्टीच्या प्रश्नांनी आणि माप लिहायला सांगितलं की. कागद हातात आला की त्यावरचा क्यूआर कोड तिथल्या तिथे स्कॅन करून बघा, उघडला नाही तर तो कागद भिंतीला लावायच्या कामाचा.

पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ ला आली, तिच्यातल्या १८ धंद्यांत राजमिस्त्रीपण आहे आणि सुतारपण. पाच-सात दिवसांचं ट्रेनिंग, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर, आणि नंतर ५ टक्के व्याजाने कर्ज, आधी एक लाखापर्यंत, ते फेडलं की दोन. घरातल्या एकालाच मिळतं, आणि सरकारी नोकरी असलेल्या घरात नाही. सीएससी सेंटरवर (सरकारी ऑनलाइन सेवा केंद्रावर) जाऊन तुमच्या धंद्याची नोंदणी चालू आहे का ते आधी विचारा. दिवसाला ५०० मिळतात म्हणजे हजेरी पूर्ण भरून निघत नाही, पण व्हाउचरने लेझर लेव्हल, कटर अशी अवजारं येतात आणि ते पुढे कामाला येतं.

आणि बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी, ही तर सगळ्यांचीच पाहिजे. वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला. ठेकेदार दाखला द्यायला टाळतो, तर ग्रामसेवक किंवा महापालिका-नगरपालिकेकडून मिळतो. मंडळाच्या योजनांच्या यादीत "पूर्व शिक्षण ओळख प्रशिक्षण" म्हणून जे आहे ते हेच आरपीएल. नोंदणीला फार तर एक रुपया लागतो, एजंट हजार-दीड हजार घेतो. बिल्डर बांधकाम खर्चाच्या एक टक्का सेस (उपकर) भरतो त्यातून हे चालतं, म्हणजे कोणी उपकार करत नाहीये.

सेफ्टी

सेफ्टी हा शिकायचा विषय आहे असं कोणी मानत नाही, हेल्मेट घातलं की झालं. पण स्कॅफोल्डिंग बांधता येणं, ते तपासता येणं, क्रेनखाली सिग्नल देता येणं, या वेगळ्या नोकऱ्या आहेत आणि त्यांना माणसं मिळत नाहीत. निदान हार्नेसचं तरी नीट करा. बेल्ट घालून हूक कमरेलाच लटकवून फिरणारे रोज दिसतात. दोन हूकचा घ्यायचा, सरकताना एक कायम अडकलेला, आणि अडकवायचं डोक्याच्या वर, पायाशी नाही, कारण पायाशी अडकवला तर पडताना दोरीची दुप्पट लांबी खाली जाता आणि झटका तेवढा मोठा बसतो. अडकवायचं कशाला तेपण बघा, सुट्या पाईपला अडकवून उपयोग काय.

बायकांचं

जोडीने कामाला येतात त्यातली बाई वीस वर्षांनीपण बिगारीच असते, घमेलंच उचलते, मला हे कधी पटलं नाही. झारखंडमध्ये स्वच्छ भारतच्या वेळी बायकांना गवंडीकाम शिकवून संडास बांधून घेतले, राणी मिस्त्री म्हणतात त्यांना, आपल्याकडे का होऊ नये. सुरुवात टाइलच्या ग्राउटिंगपासून (सांधे भरण्यापासून), पुट्टी-रंगापासून, ब्लॉकच्या कामापासून करता येते, तिथे ताकदीपेक्षा हात स्थिर लागतो. दादा लोकांनो, स्वतःच्या बायकोच्या हातात थापी द्या, दुसरा गवंडी शोधायला नको.

बाहेरगावी जायचं असेल तर

इस्रायलसाठी सरकारमार्फत भरती झाली त्यात चारच कामं होती, सळई, शटरिंग, टाइल आणि प्लास्टर, आणि परीक्षा समोर काम करून घेतली, २०२४ मध्ये पुण्यातही झाली. तिकडची परिस्थिती काय आहे ते आपण बघतोच, जायचं की नाही तो घरी बसून ठरवायचा विषय. पण परदेशी परीक्षा म्हणजे ड्रॉइंग देतात आणि वेळ लावतात, एवढं लक्षात ठेवा. आणि पासपोर्ट ठेवून घेणाऱ्या, आधी पैसे मागणाऱ्या माणसाकडे पाठ करा.

मोजमाप आणि हिशोब

हजेरी सोडून छोटी कामं स्वतः घ्यायची असतील तर मोजायला शिका, बुडणारे सगळे इथेच बुडतात. ब्रास म्हणजे वाळू-खडीला १०० घनफूट आणि प्लास्टरला १०० चौरस फूट, एकच शब्द दोन ठिकाणी, त्यामुळे बोलताना साफ बोला. प्लास्टरमध्ये खिडकी-दरवाज्याची वजावट हा कायमचा भांडणाचा मुद्दा. मोजमापाच्या नियमाप्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करत नाहीत आणि त्या कडांचे वेगळे पैसेही नाहीत, अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूचं वजा. पण घरमालकाला हे माहिती नसतं, म्हणून काम लागायच्या आधी वहीत लिहून दोघांच्या सह्या. उचल किती घेतली तेही त्याच वहीत.

त्याच वहीत साइटचं नाव, काय काम केलं, किती दिवस, इंजिनिअरचा नंबर. फोनमध्ये फोटो काढा, पण झालेल्या रंगाचे नको, झाकायच्या आधीचे, बांधलेली सळई, ब्लॉकचा पहिला थर, टाइल उचलून दाखवलेला माल. मला कोणी असे फोटो दाखवले तर मी चाचणी न घेता कामाला लावतो. मोठ्या साइटवर फोटोला मनाई असते तिथे आधी विचारून घ्या.

आणि फोन नंबर बदलू नका. मंडळाची नोंदणी, विश्वकर्मा, आरपीएल, सगळ्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, रिचार्ज नाही म्हणून सिम बंद पडलं की नूतनीकरण अडकतं, मग परत सीएससीच्या लाईनीत उभं राहा आणि ती हजेरी बुडवा.